धुराला वाट हवी
बारामती ते इंदापूर : एक फेरा आणि एका खोकल्याची गोष्ट

पुण्याहून बारामतीला निघालात, तर घाई करू नका. सासवड आणि जेजुरी मागे टाकून मोरगावला थोडे विसावा. अष्टविनायकांतील पहिले स्थान ते हेच. मयूरेश्वराच्या देवळासमोर भलामोठा दगडी नंदी बसला आहे. गणपतीपुढे नंदी कसा, हा प्रश्न लहानपणी आपण सर्वांनीच विचारलेला असतो. देवळाच्या पायऱ्या चढताना गुडघ्यांना त्रास होत असेल, तर घरच्या माणसाचा हात धरा आणि दर चार पायऱ्यांनी थांबा. तेथून पुढे बराच वेळ कोरडा माळ दिसतो. मग हळूहळू हिरवे पट्टे डोकावू लागतात, उसाचे तुरे वाऱ्यावर डोलताना दिसतात, आणि नीरा डाव्या कालव्याचे पाणी या मुलखात काय करून गेले आहे, ते कोणी न सांगता कळते.

बारामती हे कऱ्हेकाठचे गाव. आज ते शिक्षणसंस्थांसाठी आणि औद्योगिक वसाहतीसाठी ओळखले जाते. पण मराठी वाचकाला ते त्याआधी मोरोपंतांचे गाव आहे. पन्हाळ्यावर जन्मलेले मोरोपंत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने येथे आले आणि १७९४ मध्ये देह ठेवीपर्यंत येथेच लिहीत राहिले. शंभराहून अधिक रामायणे त्यांनी रचली, आणि प्रत्येकात काही ना काही नवी करामत साधली. उतारवयातही ज्याचा छंद सुटला नाही, अशा माणसाचे हे गाव आहे. ही गोष्ट मनात ठेवा, कारण पुढे जे सांगायचे आहे ते अशाच एका छंदाविषयी आहे.

मामांची खोली

माझे मामा बारामतीत राहतात. वय ७४. कारखान्यातील नोकरी संपल्यावर त्यांनी पूर्वीची एक आवड पुन्हा हाती घेतली. मर्फीचा जुना रेडिओ उघडायचा, त्याचे भाग बदलायचे, तो पुन्हा बोलता करायचा. पुढे शेजारच्या शेतकऱ्यांच्या पंपांचे स्टार्टर येऊ लागले, कोणाचा चार्जर, कोणाचा आकाशकंदील. मामा पैसे घेत नसत. "हात चालू राहतो," एवढेच म्हणत. मामी सांगतात, ही कामे सुरू झाल्यापासून दुपारी उगाच चिडचिड करणे थांबले आणि रात्रीची झोपही लागू लागली.

हे सारे चाले ते मागच्या छोट्या खोलीत. डास येऊ नयेत म्हणून खिडकीला बारीक जाळी, थंडीमुळे तीही बंद, आणि नातवाचे वाळत घातलेले कपडे त्याच खोलीत दोरीवर. टेबलावर सोल्डरिंगची गरम कांडी, शेजारी सोल्डरची तार आणि पेस्टची डबी. डोळ्यांना जवळचे नीट दिसत नसल्याने मामा अगदी वीतभर अंतरावर झुकून काम करीत. तारेला कांडी लागली की पांढऱ्या धुराची एक वेल उठे, सरळ वर जाई आणि मामांच्या चष्म्याखाली शिरे.

खोकला दिवाळीपासून सुरू झाला होता. सायंकाळी वाढे, रात्री उठवी, छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज येई. घरात सर्वांनी आपापली कारणे शोधली होती. मामी म्हणत, कारखान्यांचा गाळप हंगाम चालू आहे, हवेत काजळी आहे. सुनेला वाटे, उसाचे पाचट जाळतात त्याचा हा त्रास. मामा म्हणत, वयच झाले. वैद्यांचा काढा झाला, सितोपलादी चूर्ण झाले, खोकल्याच्या दोन बाटल्या झाल्या. मागच्या खोलीकडे मात्र कोणाचे बोट वळले नव्हते. जी वस्तू घरात आनंद आणते, तिच्यावर संशय घेणे जड जाते.

पालखीच्या वाटेने

माघात मी गेलो तेव्हा मामांनीच प्रस्ताव मांडला. "चार दिवस आहेस, तर इंदापूरपर्यंत फिरून येऊ. भिगवणचे पाहुणे पक्षी मलाही पाहायचे आहेत." तुम्हीही कधी जाल, तर याच वाटेने जा. आषाढात तुकोबांची पालखी जाते ती हीच वाट.

बारामती सोडली की काटेवाडी लागते. येथे पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण धावते. पुढे भवानीनगरचा छत्रपती साखर कारखाना. हंगामात गेलात तर उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांच्या रांगांमुळे गाडी रेंगाळते. मग बेलवडी. येथल्या माळावर गोल रिंगण होते. थोडे आत वळले की वालचंदनगर. शेठ वालचंद हिराचंद यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात माळरानावर साखर कारखाना काढला आणि त्याभोवती गाव वसले. त्याच गावातील कारखान्यातून पुढे इस्रोच्या अग्निबाणांचे भाग तयार होऊन गेले.

वाटेत एका गुऱ्हाळावर आम्ही रसासाठी थांबलो. चुलवणात चिपाड धडधडत होते, काहिलीत रस उकळत होता, गुळव्या लांब दांड्याने मळी काढीत होता. एवढा मोठा जाळ, पण गुळव्याच्या तोंडावर धूर नव्हता. चुलवणाच्या मागच्या टोकाला उंच धुराडे होते आणि सारा धूर तिकडून निघून जात होता. मामा बराच वेळ त्या धुराड्याकडे पाहत राहिले.

निमगाव केतकीचे पानमळे ओलांडून आम्ही इंदापुरास पोहोचलो. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे याच परिसरातील लढाईत धारातीर्थी पडले. त्यांच्या गढीची जागा गावात आहे. तेथून परतताना एका गल्लीच्या तोंडाशी, कडुनिंबाखाली, कल्हईवाला बसलेला दिसला. आता असे दृश्य दुर्मीळ. तुमच्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर ते लगेच उभे राहील : भाता फुंकणारा मुलगा, निखाऱ्यांवर तापलेले पातेले, त्यात चिमूटभर नवसागर, कथलाचा एक स्पर्श, कापसाच्या बोळ्याने फिरवलेला हात, आणि भक्कन उठणारा तो नाकात झोंबणारा पांढरा धूर.

मामांनी त्याला विचारले, "वर्षानुवर्षे हा धूर खाता, त्रास नाही होत?"

"होतो की. म्हातारा माझा दम्यानंच गेला," तो म्हणाला. "म्हणून घरात काम घेत नाही. मालकीण म्हणते अंगणात बस, भिंतीच्या आडोशाला बस. मी नाही बसत. वारा बाजूनं यायला हवा. पाठीमागनं आला तर धूर छातीशीच घोटाळतो."

आम्ही महामार्गाने परत फिरलो. पळसदेवचे प्राचीन देऊळ उजनीच्या जलाशयात बुडालेले आहे; उन्हाळ्यात पाणी ओसरले की ते पुन्हा वर येते. आम्हांला शिखराचाच भाग दिसला. पुढे भिगवणजवळ कुंभारगावला सकाळच्या थंडीत होडीतून गेलो. रोहित पक्ष्यांचा थवा उथळ पाण्यात चरत होता. नावाड्याने वल्हे थांबवले. एकदम पक्षी उडाले आणि पंखांखालचा लाल रंग आकाशभर उधळला.

रात्री मुक्कामी मामी हळूच म्हणाल्या, "ऐकलंस का? तीन रात्री झाल्या, ह्यांना खोकला नाही."

खोकला प्रवासात का थांबला?

वाचकहो, या लेखातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य मामींचे आहे. आम्ही फिरलो तो सारा भाग साखर कारखान्यांचा होता. काजळी तेथेही होती, पाचटाचा धूरही होता, थंडी तर पाण्याकाठी अधिकच होती. वय तीन दिवसांत कमी झालेले नव्हते. बदलले होते ते एकच : मामा मागच्या खोलीपासून दूर होते. घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी एका रेडिओचे काम काढले, आणि त्या रात्री खोकला पुन्हा आला.

घराबाहेर गेल्यावर त्रास कमी होणे आणि परतल्यावर वाढणे, ही श्वासाच्या विकारातील मोलाची खूण आहे. डॉक्टर तिला फार महत्त्व देतात. ती त्यांना तपासणीत दिसत नाही. ती घरच्यांनीच सांगावी लागते.

आता त्या धुराविषयी. सोल्डर म्हणजे आपल्या जुन्या बोलीतील डाख. या तारेच्या पोटात राळ भरलेली असते. चिरादी वृक्षांच्या डिंकापासून मिळणारी ही राळ तापली की धातूवरील गंज काढते आणि डाख नीट बसतो. कांडीचे टोक साधारण ३५० अंश सेल्सिअस तापलेले असते. या उष्णतेत राळ जळते आणि तिच्यातून अतिसूक्ष्म कण, आम्ले आणि फॉर्माल्डिहाइडसारखे वायू निघतात. आपल्याला दिसणारा पांढरा धूर तो हाच. तो डोळे आणि घसा चुरचुरवतो, आणि काहींच्या शरीराला त्याचे वावडे निर्माण होऊन दमा जडतो. ब्रिटनमध्ये कामाच्या ठिकाणी होणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांत राळेच्या धुराची गणना होते. एकदा असे वावडे जडले की पुढे थोडासा धूरही पुरतो.

बहुतेकांना भीती वाटते ती शिशाची. ती अनाठायी नाही, पण तिची वाट वेगळी आहे. नेहमीच्या सोल्डरमध्ये कथील आणि शिसे असते आणि ते सुमारे १८३ अंशांना वितळू लागते. शिशाची वाफ होण्यासाठी याहून कितीतरी अधिक उष्णता लागते, म्हणून धुरात शिसे जवळजवळ नसते. ते शरीरात जाते ते बोटांवाटे : तार हाताळली, तोच हात बिस्किटाला लागला, तोच नातवाच्या गालाला. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस शिसे फार घातक असते. ज्या खोलीत सोल्डरचे कण पडतात, तेथे बाळाचे कपडे वाळत घालू नयेत आणि बाळाला रांगू देऊ नये.

शिसेविरहित तार घेतली की प्रश्न संपला, असेही समजू नका. शिशाचा धोका टळतो. पण ती वितळायला अधिक उष्णता लागते, त्यामुळे धुराचा त्रास कमी होतोच असे नाही.

आणखी एक गोष्ट ज्येष्ठांपुरती. तरुण मुलगा हातभर अंतरावरून हेच काम करतो. दृष्टी मंदावलेला माणूस वीतभर अंतरावर झुकतो, आणि धूर नेमका त्याच्या नाकाखालून वर चढतो. म्हणजे चष्म्याचा जुना नंबर हेही खोकल्याचे एक कारण ठरू शकते. मामांची मोतीबिंदूची तपासणी दोन वर्षे लांबणीवर पडलेली होती.

कांडी फेकायची का?

घरात त्या रात्री वाद झाला. मुलगा म्हणाला, सगळे सामान भंगारात देऊन टाकू. मामा काही बोलले नाहीत. जेवले नाहीत. मामी मला स्वयंपाकघरात म्हणाल्या, "खोकल्याने मरतील की नाही ठाऊक नाही, पण रिकाम्या हातांनी नक्की खंगतील."

शुश्रूषा करणाऱ्यांनो, या वाक्यापाशी तुम्हीही थांबा. वडीलधाऱ्यांची काळजी घेताना आपण चटकन बंदी घालतो. बंदी सोपी असते. वाट काढणे अवघड असते. पण बंदीने खोकला गेला आणि माणूस मिटला, तर आपण काय वाचवले?

दुसऱ्या दिवशी आम्ही छातीच्या विकारांच्या डॉक्टरांकडे गेलो. मामींनी सारी हकिगत तारखांसह सांगितली. डॉक्टरांनी फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री केली, इनहेलर दिला, आणि एक लहानसे पीक फ्लो यंत्र दिले. सहा आठवडे सोल्डरिंग पूर्ण बंद ठेवायचे, सकाळ-सायंकाळ त्या यंत्रात फुंकून आकडा वहीत लिहायचा. आकडे चढत गेले. मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अंगणात, एक दिवस थोडे काम करून पाहिले. त्या सायंकाळी आकडा घसरला.

निर्णय स्पष्ट होता. "मामा, राळेचा धूर तुम्हांला आता चालणार नाही. अंगणातही नाही. पण तुमचे डोके आणि तुमचे हात मी काढून घेत नाही." डॉक्टरांचे हे बोलणे मामा वरचेवर सांगतात. ही चाचणी डॉक्टरांवाचून घरी करून पाहू नका. दम्याचा झटका त्यातून येऊ शकतो.

आज व्यवस्था अशी आहे. शेजारचा एक विद्यार्थी रविवारी येतो. पुढच्या ओट्यावर त्याचे टेबल असते. मामा आत, दार लावून, दोष शोधतात, मीटरने मोजतात, आकृती काढून देतात. नवी जुळणी ब्रेडबोर्डवर करून पाहतात. त्यात टोके नुसती खोचायची असतात, डाख लागत नाही. डाख द्यायचा तो मुलगा देतो. काम संपून धूर पूर्ण गेल्यावर मामा बाहेर येतात आणि रेडिओची कळ फिरवतात. मला ते म्हणाले, "कांडी गेली याचे वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण शिकवायला कोणी मिळाले."

तुमच्या घरी हा छंद असेल तर

प्रत्येकाला दमा होतोच असे नाही. वेळीच काळजी घेतली, तर पुष्कळांना हा छंद सुखाने चालवता येतो. त्यासाठी एवढे करा.

१. जागा मोकळी निवडा. ओटा, गच्ची किंवा दोन बाजूंनी उघडी असलेली खोली. झोपण्याची खोली आणि स्वयंपाकघर नको.

२. कल्हईवाल्याचा धडा लक्षात ठेवा : वारा बाजूने असावा. लहान पंखा टेबलाच्या एका बाजूला असा ठेवा की तो धूर तोंडापासून ओढून खिडकीबाहेर टाकील. डोक्यावरचा पंखा धूर खोलीतच फिरवतो.

३. कोळशाच्या गाळणीचे धूर ओढणारे छोटे पंखे मिळतात. ते कामाच्या अगदी जवळ ठेवले तरच उपयोगी पडतात, आणि गाळणी वेळोवेळी बदलावी लागते. उघडी खिडकी तरीही हवीच.

४. रुमाल किंवा साधा मास्क या धुराला अडवत नाही. एन-९५ मास्क कण अडवतो, वायू अडवत नाही. त्यावर विसंबू नका.

५. डोळे तपासून घ्या. दिवा जोडलेले, स्टँडवरचे भिंग घ्या आणि हातभर अंतरावरून काम करा. श्वास रोखून काम करू नका. शेवटी तोच श्वास खोल घेतला जातो.

६. कांडी गरजेपेक्षा जास्त तापवू नका, पेस्ट फार लावू नका. जितकी राळ जास्त, तितका धूर जास्त.

७. काम करताना खाणे, पिणे, तंबाखू, पान नको. तार दातांत धरू नका. काम झाल्यावर हात साबणाने धुवा, टेबल ओल्या फडक्याने पुसा. कोरडा झाडू फिरवू नका.

८. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना त्या जागेपासून दूर ठेवा.

९. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झाली असेल, किंवा हात कापत असेल, तर भाजण्याचा धोका मोठा. कांडीला जड, न कलंडणारे स्टँड घ्या आणि जवळ कोणीतरी असू द्या.

१०. घरात कोणाला नळीने प्राणवायू चालू असेल, तर त्या खोलीत गरम कांडी कधीही नको. आग भडकते. पेसमेकर बसवलेला असेल, तर हे काम करण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.

११. सायंकाळी किंवा रात्री खोकला, छातीत शिट्टी, दम लागणे, वारंवार नाक वाहणे, यांपैकी काही होत असेल तर काम थांबवा. कोणत्या दिवशी काम केले आणि कोणत्या रात्री त्रास झाला, हे वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. चालू असलेली औषधे मनाने बंद करू नका. एक वाक्यही सलग बोलवत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा इनहेलरने आराम पडत नसेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

मी निघालो त्या सकाळी मामा गाडीपर्यंत सोडायला आले. मागच्या खोलीची जाळी आता उघडते अशी बसवली आहे आणि तेथे नातवाचा अभ्यासाचा टेबल आला आहे. ओट्यावर मर्फीचा रेडिओ लागला होता. बसथांब्यापर्यंत मामा एकदाही न थांबता चालले. वाटेत म्हणाले, "त्या गुऱ्हाळवाल्याचे धुराडे पाहिले तेव्हाच खरे मला कळले होते रे. कबूल करायला जड जात होते."

तुम्ही बारामतीस जाल तेव्हा मोरोपंतांना नमस्कार करा, काटेवाडीच्या वाटेने जा, भिगवणचे रोहित पाहा, गुऱ्हाळावर रस प्या. आणि घरी परतल्यावर एकदा आपल्या माणसाच्या मागच्या खोलीत डोकावून पाहा, तेथील धुराला बाहेर जायला वाट आहे ना.